खुंट्या बसवल्या तो उन्हाळा

होळी होऊन आठवडा झाला की आमच्या घरातलं लाकूड बोलायला लागतं. दाराची चौकट कट्‌ करून वाजते, पोळपाटाचा एक पाय डुगडुगतो, देव्हाऱ्याच्या फळीला बारीक तडा जातो. सोलापूरचा उन्हाळा कोरडा. तो अंगातलं पाणी न सांगता घेऊन जातो. माणसाला ते संध्याकाळी डोकं दुखायला लागल्यावर कळतं, लाकडाला मात्र आधीच कळलेलं असतं.

यंदाही तसंच झालं. कपाटावरचं उकुलेले खाली काढलं तर त्याची एक तार पार लोंबत होती. मी बारका स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले आणि तीन वर्षांपूर्वीचा तो चैत्र-वैशाख समोर येऊन उभा राहिला. खरं तर तो जात नाहीच. ऊन वाढलं की दिसायला लागतो एवढंच.

उकुलेले म्हणजे गिटारसारखं दिसणारं, पण हातभरच लांबीचं, चार नायलॉनच्या तारांचं वाद्य. मी एका शाळेत मोठ्या शिशूच्या वर्गाला शिकवते. पाच वर्षांची पस्तीस मुलं गाण्याशिवाय एका जागी बसत नाहीत. पेटी रोज स्कूटीवरून नेता येत नाही, गिटार माझ्या बोटांना मोठी पडते, म्हणून हे घेतलं आणि मोबाइलवर बघून बघून शिकले. फार काही येत नाही. पाच-सहा कॉर्ड येतात, तेवढ्यात मुलांची सगळी गाणी बसतात.

त्या उन्हाळ्यात मात्र शाळा नव्हती, मुलं नव्हती. मार्चपासून मी रजेवर होते. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, घरात एकटं ठेवता येत नव्हतं.

अण्णा गिरणीत जॉबर होते. माग बिघडला की तो सुरू करून देणारा, वीस-पंचवीस मागांवर नजर ठेवणारा माणूस. वेळापूरकडचं गाव सोडून अठराव्या वर्षी सोलापुरात आले ते गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच राहिले. पुढे एका टॉवेलच्या कारखान्यात बारा वर्षं काढली. पण विसरायला लागले तेव्हा सगळ्यात आधी ती बारा वर्षं गेली. मग सासूबाई वारल्याचं गेलं. मी कोण हे कधी आठवायचं, कधी नाही. आठवलं तर ‘सुनबाई’, नाही तर ‘बाई’. राहिली ती गिरणी.

त्यांना बघायला जेऊरच्या शालनबाई होत्या. फाल्गुनात भाचीच्या लग्नाला म्हणून गावी गेल्या आणि तिकडूनच फोन आला, “माजंच गुडघं धरल्यात वो ताई. आता न्हाय व्हायचं माज्याच्यानं.” दुसरी बाई मिळेना. त्या आठ दिवसांत अण्णा दोनदा घराबाहेर गेले. एकदा कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी सापडले, एकदा रस्त्याच्या मधोमध, चपला हातात घेऊन. डॉक्टर म्हणाले, दाराला कुलूप ठेवा. आमच्या फ्लॅटच्या दाराबाहेर लोखंडी जाळीचा दरवाजा आहे, त्याला आतून कुलूप लागलं. किल्ली मी मंगळसूत्रात अडकवली, जिथे सेफ्टी पिना असतात तिथे.

कुलूप त्यांच्यासाठी होतं. पण दोन-तीन दिवसांतच माझ्या लक्षात आलं की आत मीही आहे.

माझा नवरा महेश औषधांच्या कंपनीत आहे. सकाळी साडेआठला जायचा, सातला यायचा. भाजी, दूध, गोळ्या तोच आणायचा. जाताना म्हणायचा, “तू आहेस म्हणून मला घोर नाही.” मनापासून म्हणायचा. तो जिना उतरला की मी कुलूप लावायचे आणि ते वाक्य घरभर माझ्या मागे फिरायचं. एकदा मी त्याला म्हटलं, “तुम्ही असं म्हणत जाऊ नका.” तो गोंधळून म्हणाला, “मग काय म्हणू?”

खिडक्यांना ओल्या चादरी, कोपऱ्यात कुलरची घरघर, जेवणात ताक-भाकरी आणि शेंगाची चटणी. रोज तेच. अण्णा एकला झोपायचे ते पावणेतीनपर्यंत. तेवढे पावणेदोन तास माझे. तेव्हा मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून खाली बसायचे आणि उकुलेले हळू वाजवायचे. वाजवायला मुलं लागतातच असं काही नाही, हे मला तेव्हा कळलं. पण वाद्य सुरात राहीना. त्याच्या खुंट्या तंबोऱ्यासारख्या, निमुळत्या लाकडाच्या, नुसत्या दाबून बसवलेल्या. उन्हानं लाकूड आटलं आणि त्या सरकायला लागल्या. एक तार लावावी तोवर दुसरी उतरलेली. खडू लावून पाहिला, फडक्याचा ओला बोळा लावून पाहिला. एप्रिलच्या मध्यावर मी एक खुंटी जरा जोरानं दाबली आणि ती हातात मोडून आली. ओट्याला टेकून बसले ती बसलेच. एवढीशी लाकडी खुंटी, पण त्या दिवशी मला वाटलं, आता या घरात माझं म्हणून काही उरलं नाही.

शाळेची पेटी दुरुस्त करणारे इक्बालभाई जुन्या पेठेत बसतात. त्यांच्याकडे जाणं शक्य नव्हतं. फोटो पाठवला आणि फोन लावला.

“तीन तऱ्हा हैं मॅडम,” ते म्हणाले. “एक लकडीवाली, अभी तुमारी है वैसी. एक पेचवाली. एक गिअरवाली.”

“गिअरवाली चांगली ना? ती सरकत नाही म्हणतात.”

“सरकती नै. पर बाजू कू निकलती, कान के सरीखी. और वजन रहता. इत्तासा बाजा तुमारा, सर भारी हुआ तो हात में झुकताच रहता. नक्को. पेचवाली लेव. पीछे एक स्क्रू है. ढीली हुई तो कसना, बस. सोलापूर की गर्मी कू वोच अच्छी.”

मग थोडं थांबून म्हणाले, “एक बात पैलेच बोलता मैं. गिअर नै उसमें. जित्ता तुम फिराए, उत्ताच तार फिरता. बालभर जादा हुआ, तो सूर गया उपर. हात कू सबर होना.”

सबर. मी जाळीच्या कुलपाकडे पाहिलं आणि ‘बरं’ म्हटलं.

त्यांना भोकाचं माप हवं होतं. मी मोडलेल्या खुंटीचं भोक पट्टीनं मोजत बसले. एकदा सात मिलिमीटर यायचं, एकदा आठ. पेन्सिल घालून पाहिली, विणायची सुई घालून पाहिली. अण्णा त्या दिवशी लवकर उठले होते. खुर्चीत बसून बघत होते. मग म्हणाले, “पट्टीनं न्हाय मोजत भोक.”

“मग कशानं?”

“शिगंनं. बसंल ती शीग खरी.”

उठून ते आपल्या ट्रंकेपाशी गेले. तळातून तेलकट फडक्यात गुंडाळलेली ड्रिलची पाती काढली, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडली. त्यांनी एकेक भोकात घातलं. एक सैल गेलं, एक गेलंच नाही. मधलं अलगद बसलं, हललं नाही. पात्यावरचा आकडा मी वाचला. माप मिळालं.

“कुनाच्या मागाचं हाय हे?” त्यांनी विचारलं.

“माझ्याच, अण्णा.”

“मंग नीट करून घ्या. माग बंद ठिवू नये.”

त्या दुपारी ते पावणेतीनला उठले नाहीत, उठलेलेच होते. पण घड्याळाकडे लक्ष गेलं आणि ट्रंक उघडी टाकून त्यांनी शर्ट घातला, वरचं बटण लावलं, केस ओल्या हातानं बसवले आणि जाळीपाशी जाऊन उभे राहिले.

हे रोजचंच होतं. तीनला गिरणीची दुपारची पाळी लागायची. “बाई, कुलूप काडा. पाळी हाय.”

“आज सुट्टी आहे अण्णा.”

“सुट्टी कसली? काल बी सुट्टी म्हनलासा.”

मी सुट्टी सांगून पाहिली, संप सांगून पाहिला. एकदा वैशाखात पाऊस पडतोय असं सांगितलं. त्यांनी जाळीतून जिन्याच्या खिडकीतलं पांढरं ऊन बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “बाई, तुमी खोटं बोलताय,” एवढंच म्हणाले, आणि दोन्ही हातांनी जाळी हलवायला लागले. तो आवाज पाच वाजेपर्यंत चालायचा. लोखंडावर लोखंड. समोरच्या फ्लॅटचं दार हळूच लागायचं. मी आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायचे, मोडायचे, परत घालायचे.

खुंट्या आठवड्यानं आल्या. इक्बालभाईंनी त्या ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर पाठवल्या, त्यानं पाकीट जाळीतून आत दिलं. चार पांढऱ्या मुठी, प्रत्येकीखाली पितळी कडं, मागे बारका स्क्रू. जुन्या निमुळत्या भोकांत त्या सरळ बसणार नव्हत्या. एका बाजूनं भोक थोडं वाढवून सारखं करावं लागणार होतं. अण्णांच्या ट्रंकेतली गोल कानस घेतली. “दोन फेरे मारनेका, खुंटी लगाके देखनेका. फिर दो फेरे,” इक्बालभाईंनी फोनवर बजावलं होतं. “लकडी निकाली तो वापस नै आती.”

पहिली खुंटी बसायला एक अख्खी दुपार गेली. दोन फेरे, फुंकर, खुंटी घालून बघणं. लाकडाचा बारीक भुस्सा परकराला लागायचा. कडं शेवटी चपखल गेलं, स्क्रू कसला, तार गुंडाळली. मूठ फिरवली तर सूर एकदम चढला, इतका की तार तुटेल असं वाटलं. परत सोडली. श्वास रोखून, केसभर, अजून केसभर. मोबाइलवरचा सूर दाखवणारा काटा मधोमध आला आणि थांबला. मी पाच मिनिटं नुसती बघत राहिले. सूर हलला नाही. दुसरी खुंटी दुसऱ्या दिवशी बसली.

तिसरीच्या दिवशी वीज नव्हती. कुलर बंद, चादरी वाळून कडक झालेल्या. अण्णा एकला झोपलेच नाहीत. दोनलाच शर्ट घालून जाळीपाशी गेले आणि हलवायला लागले. मी कानस चालवत राहिले. दोन फेरे, फुंकर. जाळी वाजत होती. दोन फेरे. जाळी. माझा हात कधी वाकडा गेला कळलं नाही. खुंटी घालून पाहिली तर डुलायला लागली. भोक लांबट झालं होतं.

मी उठले. जाळीपाशी गेले. आणि म्हणाले, “अण्णा, गिरणी बंद पडली. कायमची. तीस वर्षं होत आली. तिथे आता काही नाही. तुमची कुणी वाट बघत नाही.”

ओरडले नव्हते मी. सावकाश, शब्द सुटे सुटे करून सांगितलं होतं. वर्गात मुलांना सांगते तसं. म्हणजे त्यांना नीट कळावं म्हणूनच सांगितलं होतं.

त्यांचे हात जाळीवरून खाली आले. ते खुर्चीत येऊन बसले.

“कवा?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही पन्नाशीच्या आत होतात तेव्हा.”

“मंग पोरांचं कसं झालं?”

“झालं सगळं. महेश शिकला, नोकरीला लागला.”

शर्टाचं वरचं बटण त्यांनी काढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला कुनी सांगितलं कसं न्हाय?”

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. महेशनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ऊन बाधलं असेल.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला अण्णा उठले, शर्ट घातला, बटण लावलं आणि म्हणाले, “बाई, कुलूप काडा. पाळी हाय.” काल काही घडलंच नव्हतं. त्यांच्यासाठी नव्हतं. एका माणसाची गिरणी मी एका दुपारी बंद पाडली, आणि ते लक्षात ठेवायला एकटी मीच उरले. त्या दिवसापासून मी कपड्यांच्या घड्या घालायला आत गेले नाही. जाळीपाशी स्टूल टाकून त्यांच्याजवळ बसायला लागले. त्यानं काही फरक पडला नाही, जाळी वाजायची तशी वाजायचीच. पण आत जाऊन बसायचा मला हक्क राहिला नाही असं वाटायचं.

मेच्या शेवटी गॅसचा सिलिंडर आला. मी जाळी उघडली, माणसाला स्वयंपाकघर दाखवलं, जुना सिलिंडर सोडवून दिला. बाहेर येऊन पाहते तर जाळी सताड उघडी. अण्णांच्या चपला नाहीत.

मी स्कूटी काढली. आमच्या घरापासून गिरणीची जागा तीन-साडेतीन किलोमीटर. दुसरीकडे कुठे शोधायचा विचारच आला नाही. हँडल हाताला पोळत होतं. सिग्नलला थांबले तेव्हा लक्षात आलं, पायात घरातल्या स्लिपर आहेत, दोन वेगवेगळ्या.

गिरणीच्या जागेला पत्र्याचं कुंपण आहे. आत कसलंसं बांधकाम निघालंय. जुन्या दारापाशी एक कडुनिंब उरलाय, त्याच्या सावलीत वॉचमनच्या खुर्चीत अण्णा बसले होते. वॉचमन शेजारी दगडावर. अण्णांच्या हातात पाण्याचा पेला होता.

“आली बघा,” अण्णा त्याला म्हणाले. “ही आमची सून.”

वॉचमन उठून बाजूला आला. “रिक्षानं आले ताई. म्हणले पाळी हाय. मी म्हणलं, बसा की, भोंगा व्हायचाय अजून. तवापासनं निवांत हायेत.”

मी इतके दिवस सुट्टी, संप, पाऊस सांगत होते. या माणसानं फक्त ‘बसा’ म्हटलं होतं.

मी दगडावर बसले. अण्णा पत्र्याकडे बघत होते. गिरणी कुठे गेली असं त्यांनी विचारलं नाही. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, पलीकडे उसाच्या रसाच्या गाड्यावर घुंगरू वाजत होतं, कडुनिंबाच्या वाळक्या काड्या अंगावर पडत होत्या. गरम का होईना, वारा होता. मी मोजलं, एकाहत्तर दिवसांनी मी आमच्या इमारतीच्या बाहेर आले होते. तासाभरापूर्वी अण्णा एखाद्या ट्रकखाली आले असते. आणि मला काय वाटत होतं तर बरं वाटत होतं. खोलवर, लाज वाटेल इतकं बरं. साडेपाचला अण्णा आपणहून उठले. “चला,” म्हणाले, “सुटली पाळी.”

महेश आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. सांगताना रडले नाही. म्हटलं, “माझ्याच्यानं दिवसभर कुलपात बसणं होणार नाही. त्यांच्याही नाही. तुम्ही आठवड्यातून दोन दुपारी घरी थांबा.”

“रजा कशी मिळेल?”

“मला मिळाली तशी.”

बुधवारी तो जेवायच्या वेळेला आला आणि थांबला, मग शनिवारीही. मंगळवारी-शुक्रवारी मी ऊन उतरल्यावर अण्णांना रिक्षानं कडुनिंबापाशी न्यायला लागले. कुलूप काही सुटलं नाही, बाकीचे दिवस ते होतंच. जाळीही वाजायची. पण पावसाळा येईपर्यंत आम्ही तिघं तेवढ्यावर तगलो.

लांबट झालेल्या भोकाला इक्बालभाईंनी उपाय सांगितला. लाकडाचा भुस्सा डिंकात कालवून भरायचा, दोन दिवस वाळू द्यायचा आणि नव्यानं कानस लावायची. तिसरी खुंटी बसली, जराशी तिरकी. चौथी सरळ बसली. चारही तारा सुरात लागल्या त्या दिवशी मी अण्णांना मुलांचं एक गाणं वाजवून दाखवलं. ते ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, “किरकिर लई करतंय.” त्यांना ते वाद्य कधीच आवडलं नाही.

पुढच्या वर्षी भाद्रपदात अण्णा गेले. झोपेत, त्रास न होता. मी शाळेत परत रुजू झाले. जाळीला आता नुसती कडी असते.

त्या तिसऱ्या खुंटीच्या दुपारी मी अण्णांना काय सांगितलं ते मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं, महेशलाही नाही. परवा रविवारी आम्ही दोघं हॉलमध्ये बसलो होतो. मी पेच कसत होते, त्यानं उकुलेलेचं डोकं धरलं होतं. का कोण जाणे, सांगून टाकलं. जाळीपाशी जाऊन कसं म्हणाले, त्यांनी काय काय विचारलं, सगळं. तो खाली बघून ऐकत होता.

“मीपण सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“कधी?”

“शालनबाई होत्या तेव्हा. मला ताप होता, मी घरी होतो. तू शाळेत गेली होतीस. दुपारी पाळी पाळी करायला लागले, मला आवरेना. सांगून टाकलं, गिरणी बंद झाली म्हणून.”

“मग?”

“रडले. लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसले आणि मला म्हणाले, सुनबाईला कळू दिऊ नगंस. ती लई घोर करील. तिला म्हनावं, पाळी चालू हाय.”

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. रोज पावणेतीनला शर्ट घालून ते उभे राहायचे ते सगळं विसरून, की त्यातलं थोडं माझ्यासाठीही, हे आता कुणाला विचारणार? महेशनं विचारलं, “झालं का कसून?” मी म्हटलं, “धरून ठेवा थोडा वेळ.”